परभणी, पुणे आणि तांड्यातला गूळ

"मुकी हाय काय वं ती?"

"न्हाई वं. इंग्लिश शाळेतली दिसते. त्यायला बोलायला तकलीफ होते."

मागच्या बाकावरच्या दोघी बायका माझ्याबद्दल बोलत होत्या. हिंगोलीच्या बसस्थानकातून औंढ्याची गाडी नुकतीच बाहेर पडली होती. थोड्या वेळापूर्वी त्यांतल्या एकीने मला विचारलं होतं, ही गाडी औंढ्यालाच जाते ना, आणि मी नुसती मान हलवली होती. शेजारी बसलेल्या बापूंनी (आमच्यात वडिलांना बापू म्हणतात) ते ऐकलं आणि मागे वळून हसत म्हणाले, "बोलते वो मावशी. जरा वळख झाली की बोलते."

"मंग औंढ्यापस्तोर व्हईल का वळख?" मावशींनी विचारलं, आणि अर्धी गाडी हसली. मीही हसले, पण खिडकीकडे तोंड करून.

माझी अडचण खरं तर इंग्रजीची नाही. सांगायचं वाक्य मी आधी मनात पूर्ण जुळवते, त्यातला खटकणारा शब्द काढते, दुसरा घालते, आणि ते तयार होईपर्यंत लोक पुढच्या विषयावर गेलेले असतात. त्या प्रवासाला निघताना माझ्याकडे एक वाक्य तयार होतं. ते बापूंना सांगायचं होतं. दोन दिवस होते आणि बरीचशी वाट बसमध्ये शेजारी बसूनच कापायची होती, त्यामुळे या वेळी जमेल असं मला वाटत होतं.

वाक्य साधं होतं: मला पुण्याला नाही, परभणीला जायचंय.

बारावीनंतर मला दोन्हीकडे प्रवेश मिळाला होता. परभणीला शेतीच्या पदवीसाठी आणि पुण्यातल्या एका मोठ्या विद्यापीठात जैवतंत्रज्ञानासाठी. सोमवारपर्यंत एकीकडे होकार कळवायचा होता. घरात मात्र पुण्याचं ठरल्यासारखंच झालं होतं, आणि त्याला कारण माझं रडणं. पुण्याचा निकाल आला त्या दिवशी मी मोबाइल हातात धरून रडले. आता निवड करावी लागणार, ती बोलून दाखवावी लागणार, या धास्तीने मी रडले होते. घरच्यांनी ते आनंदाचं रडणं धरलं. याडीने (आईने) लगेच शेजारी साखर वाटली. बारावी नीट पार पडली की नागनाथाला जायचं, असं ती बोलली होती. धाकट्या भावाची चाचणी असल्याने तिने मला आणि बापूंना पाठवलं, आणि जाताच आहात तर तांड्यावर (आमच्या बंजारा वस्तीवर) काकांकडेही जाऊन या, म्हणाली.

औंढ्याचा रस्ता ऑगस्टमध्ये बघावा. एरवी उघडेबोडके दिसणारे डोंगर तेव्हा हिरवे झालेले असतात, दोन्ही बाजूंना सोयाबीन गुडघ्याच्या वर आलेलं असतं आणि मधूनच हळदीचे रुंद पानांचे पट्टे लागतात. बापू पाटबंधारे खात्यात नोकरीला आहेत. प्रत्येक ओढ्यावरून गाडी गेली की ते मान उंचावून पाणी बघतात. दोन ओढ्यांच्या मध्ये मी तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "पुण्यात पाणी कसं काय असल गं? तिथं टँकर येतात म्हणे." मी म्हणाले, "असेल ठीक."

नागनाथाचं देऊळ काळ्या दगडाचं आहे. बाहेरच्या भिंतीवर इतक्या मूर्ती आहेत की नीट बघायचं तर दिवस पुरणार नाही. पण मुख्य देव खाली, जमिनीच्या पोटात आहे. अरुंद पायऱ्यांनी अंग चोरून उतरावं लागतं, आणि खाली छत इतकं ठेंगणं की उभं राहता येत नाही. मोठा माणूस असो की लहान, सगळ्यांनी वाकून बसायचं. मला ती जागा आवडली. तिथे कोणी कोणाकडे बघत नव्हतं आणि बोलायची सक्ती नव्हती. बापू डोळे मिटून बसले होते. मी त्यांच्या कानाशी बोलू शकले असते. पण मागून पुजारी म्हणाले, "चला, चला, पुढच्याला जागा द्या," आणि आम्ही वर आलो.

वर आलो तर बापूंची उजवी चप्पल कोणीतरी नेली होती. तिच्या जागी दुसरी उजवीच ठेवलेली होती, पण ती दोन बोटं मोठी आणि लाल पट्ट्याची. बापूंनी बराच वेळ इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटी तीच पायात घातली. "नेणाऱ्यानं दिली तर खरी बदल्यात," ते म्हणाले. "इमानदार चोर हाय."

एक काळी, एक लाल अशा चपलांनी फटक फटक करत ते मला बसस्थानकासमोरच्या हॉटेलात घेऊन गेले. चहा आणि गरम भजी मागवली. समोर परभणीची गाडी उभी होती. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता, "परभणी, परभणी, परभणीऽ."

परभणी मी एकदाच पाहिली होती, शाळेच्या सहलीत. आम्हाला विद्यापीठ दाखवायला नेलं होतं. दोन्ही बाजूंना झाडं असलेला सरळ रस्ता आणि त्यावरून सायकलींवर येणारी मुलं-मुली, सगळ्यांच्या पायांना चिखल. बाहेरच्या चहावाल्याला परीक्षा कधी आहेत ते ठाऊक होतं आणि झेरॉक्सवाला मुलांना नावाने हाक मारत होता. एका वाफ्याजवळ शेवटच्या वर्षाची एक मुलगी माती बघत उकिडवी बसली होती. तिने ओल्या काळ्या मातीचा गोळा माझ्या हातात ठेवला आणि विचारलं, "सांग, कशी लागते?" मी वाक्य जुळवत राहिले. बाकीची मुलं पुढे निघून गेली. ती मात्र थांबली. बऱ्याच वेळाने मी म्हणाले, "साबणासारखी." तिने मान डोलावली आणि आपल्या मैत्रिणीला म्हणाली, "ऐकलंस? साबणासारखी म्हणते. बराबर आहे." त्या दिवसापासून मला तिथेच शिकायचं होतं. ज्या गावात माझ्या उत्तरासाठी माणसं थांबतील ते गाव मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. फक्त ते कोणाला सांगितलं नव्हतं.

शेजारच्या टेबलावर टोपी घातलेले एक आजोबा भजी खात होते. त्यांनी बापूंच्या पायांकडे पाहिलं. "नवीन फॅशन का?"

"देवानं दिली," बापू म्हणाले.

"आन् हे लेकरू?"

"माझी पोरगी. पुण्याला चालली शिकायला."

"पुण्याला?" आजोबांनी हात पुसले. "इथं परभणी हाय की जवळ. काहून इतकं दूर?"

मी मान वर केली. माझ्या वतीने कोणीतरी प्रश्न विचारला होता. बापू काय म्हणतात ते मला ऐकायचं होतं. ते क्षणभर परभणीच्या गाडीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "तिची मर्जी, काका. शिकणाऱ्याची मर्जी पाहावी."

माझं वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. आजोबा माझ्याकडे बघत होते, भजी तळणाराही बघत होता. मी चहाचा घोट घेतला. गाडीचं दार आपटलं आणि ती निघून गेली.

परत हिंगोलीला येऊन आम्ही नांदेडकडे जाणारी गाडी धरली. कळमनुरीला आठवडी बाजार होता. रस्त्यावरच भाज्यांचे ढीग, दोरखंड, फवारणीचे पंप, मिरच्यांची पोती. गाडी हलेना, तेव्हा कंडक्टरने सांगितलं, पाय मोकळे करायचे तर करा. बापू उतरून थेट चपलांच्या पालाकडे गेले. दुकानदाराने लाल चप्पल उलटसुलट करून पाहिली. "जोडी किधर गयी साब?"

"औंढे में किसी के पाँव में हय."

"तो ये मेरे पास छोड दो. वो आएगा तो पूरी जोडी दे दूँगा." दोघं हसले. बापूंनी नवी जोडी घेतली आणि ती लाल चप्पल खरंच तिथेच ठेवली. बापू कुठेही, कोणाशीही असं बोलू शकतात. बसमध्ये परत बसताना मला वाटलं, यांच्याशी बोलणं जगात सगळ्यांना सोपं जातं, एक मी सोडून.

डोंगरकडा गाव जवळ येऊ लागलं तशा केळीच्या बागा सुरू झाल्या. फाट्यावर गोपीकाका मोटरसायकल घेऊन उभे होते, बापूंचे धाकटे भाऊ. तिघंही एकाच गाडीवर बसून माळावरच्या आमच्या तांड्यात गेलो. पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून फिरणारी आमची माणसं इथे कधी थांबली ते कोणाला सांगता येत नाही. आता सगळ्यांची शेती आहे, बहुतेक घरांवर स्लॅब आहे. सेवालाल महाराजांच्या देवळावर पांढरा झेंडा आहे. काकीने गरम बाटी (ज्वारीची भाकरी), अंबाडीची भाजी आणि लसणाची चटणी वाढली. तांड्यात सगळे गोरमाटी ही आमची बोली बोलतात. मला ती समजते, पण बोलता येत नाही, कारण शाळेत जड जायला नको म्हणून बापूंनी घरात मराठीच ठेवली. इथलं बोलणं मी मराठीत लिहिते आहे.

काकांची मुलगी काजल माझ्याच वयाची, माझ्याहून दोन महिन्यांनी लहान. ती माझ्या अगदी उलट आहे, वाक्य संपायच्या आधी तिचं दुसरं सुरू होतं. तिलाही प्रवेश मिळाला होता, पुण्यात नर्सिंगला. मला हे तिथे गेल्यावर कळलं. ताटावर बसल्यापासून ती मला विचारत होती: पुण्यात थंडी किती असते, आपली कॉलेजं किती लांब, एकाच खोलीत राहायचं की नाही?

"आधी तुझा बा सोडतो का ते तर बघ," काकी म्हणाली.

संध्याकाळी उन्हं कलल्यावर देवळापुढे माणसं जमली. नाईकदादा म्हणजे आमच्या तांड्याचे नाईक, बापूंचे चुलत चुलते. तांड्यातली कुठलीही मोठी गोष्ट त्यांच्यासमोर बोलून ठरते. मला वाटलं, माझ्या बारावीचं कौतुक आहे. भोग लावला, म्हणजे निखाऱ्यांवर तूप आणि लापशी वाहून सगळ्यांनी हात जोडले. मग नाईकदादांनी गोपीकाकांना विचारलं, "पोरीला पाठवायचं तुझ्या मनात हाय का?"

"एकटीला न्हाई," काका म्हणाले. "तिथं आपलं कोणी न्हाई. दादाची पोरगी संग असल तर पाठवतो."

नाईकदादांनी बापूंकडे पाहिलं. बापू म्हणाले, "माझी तर चाललीच हाय."

"मंग पोरीलाच इचारा," घोळक्यातून एक म्हातारी म्हणाली.

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मी वाक्य शोधू लागले. परभणी म्हणायचं तर आधी काय म्हणायचं, काजलचं काय म्हणायचं, इतक्या लोकांसमोर बापूंना खोटं पाडल्यासारखं होईल का? नाईकदादा थोडा वेळ थांबले. मग त्यांनी ताटातला गुळाचा खडा उचलला आणि माझ्यापुढे धरला.

मला तो प्रसाद वाटला. देवळापुढे, भोगानंतर कोणी वडीलधाऱ्याने गूळ पुढे केला की हात पसरायचा, एवढंच मला माहीत. मी उजवा हात पुढे केला, गूळ घेतला आणि तोंडात टाकला. मला घोळक्यासमोर बोलावं लागलं नाही म्हणून हायसंही वाटलं.

एकदम बायकांचा गलका झाला. काजल येऊन मला अशी बिलगली की मी पडता पडता वाचले. गूळ सगळीकडे फिरला. गोपीकाकांनी खाल्ला, बापूंनी खाल्ला. कोणीतरी म्हणालं, "झालं. दोघी पुण्याला."

सोयरीक जमली की आमच्यात गूळ खातात हे मी ऐकून होते. गोरमाटीत त्याला 'गोळ खाणो' म्हणतात. तो खाल्ला की शब्द फिरत नाही. पण तो फक्त लग्नाचा असतो असं मला वाटे. इथे नाईकदादा कुठल्याही शब्दाला गूळ देतात, शेताच्या बांधाला आणि विहिरीच्या पाण्यालासुद्धा, हे तांड्यातल्या लहान पोरांनाही ठाऊक होतं. मला ते काकीने चुलीपुढे सहज बोलता बोलता सांगितलं, आणि मी हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

सकाळी काजलने मला शेत दाखवायला नेलं. तूर अजून लहान होती. बांधावरून खाली डोंगरकड्याच्या केळीच्या बागांचा हिरवा पट्टा दिसत होता. मी ठरवलं, निदान हिला तरी सांगायचं. हिला सांगितलं तर ती काकांना समजावेल, काही वाट निघेल.

"काजल," मी म्हणाले, "मी जर..."

"ताई, तू आलीस म्हणून," ती म्हणाली. मी सुरुवात केली हे तिच्या लक्षातच आलं नाही. "न्हाई तर माझं काही खरं नव्हतं. दोन जागा आल्यात मला बघून जायला. बा म्हणत होते, दिवाळीच्या आत उरकू. काल तू गूळ खाल्ला ना, तो तू खाल्ला नसता तर दिवाळीत मला खावा लागला असता. नवऱ्याकडचा." ती हसली, मग हसता हसता थांबली. "तू काय म्हणत होतीस?"

"काही नाही," मी म्हणाले. "ऊन लागतंय."

ती मला ओढत सावलीला घेऊन गेली आणि पुण्याला कोणत्या बॅगा न्यायच्या ते सांगू लागली.

दुपारी फाट्यावरून आम्ही हिंगोलीची गाडी धरली. काजल सोडायला आली होती. गाडी सुटली तरी खिडकीला धरून धावत सांगत होती, "सोमवारी कळवल्या कळवल्या फोन कर!"

आज हे मी पुण्यात लिहिते आहे. काजलला हे शहर मिळालं. तिला बसचे नंबर पाठ आहेत, तिच्या मैत्रिणी रविवारी खोलीत गोळा होतात, आणि तिच्या लग्नाचं आता कोणी बोलत नाही. माझे गुण बरे येतात. वर्गात आम्ही इतके आहोत की कोणी विचारतं तेव्हा पहिल्या बाकावरचं कोणीतरी उत्तर देऊन मोकळं होतं, आणि माझं तयार झालेलं वाक्य माझ्यापाशीच राहतं. पुणं वाईट नाही. ते माझ्यासाठी थांबत नाही, एवढंच. थांबणारं गाव कुठे आहे ते मला माहीत आहे, आणि कुठल्या गाडीने जायचं तेही. काजलकडे बघून मला पश्चात्ताप होत नाही. तो होतो बापूंची आठवण आली की, म्हणजे त्या परतीच्या गाडीची.

कळमनुरी मागे पडलं होतं. बाजार संपलेला, रस्ता मोकळा. बापू आज कंडक्टरशीही गप्पा मारत नव्हते. हे नवीन होतं. मग नव्या चपलांकडे बघत, जणू त्यांनाच सांगावं तसं ते म्हणाले, "तुला एक सांगू का बेटा? मला परभणी आवडली होती."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"जवळ पडली असती. शनिवारी डबा घेऊन आलो असतो. याडीच्या हातचा. औंढ्याला त्या काकांनी इचारलं तवा वाटलं, आता म्हणावं. पण पुण्याचा निकाल आला त्या दिवशी तू रडलीस. मी म्हणलं, लेकराच्या मनात पुणं हाय. आपण आडवं यायचं न्हाई." ते हसले. "आता तर गूळच खाल्ला. आता काय सांगायला हरकत न्हाई."

गाडी एका ओढ्यावरून गेली. त्यांनी मान उंचावली नाही.

एकाच गोष्टीबद्दल आम्ही दोघं दोन दिवस शेजारी बसून गप्प होतो. मला फक्त बोलायला सुरुवात करायची होती. त्यांनी ती करूनच दिली होती. वाक्य तर कधीचं तयार होतं. आणि मला काजल दिसली, खिडकीला धरून धावणारी.

बापूंनी या वेळी थांबून विचारलं. घाई केली नाही, दुसऱ्या कोणाकडे पाहिलं नाही, माझ्या उत्तराची वाट बघत राहिले.

"पुणंच होतं ना गं तुझ्या मनात?"

"हो बापू," मी म्हणाले. "पहिल्यापासून पुणंच होतं."